कालव्याकाठी फळे का वेचता? तुम्ही विचारलंत म्हणून

ऑगस्ट अर्धा सरला की हा प्रश्न दोन्हीकडून येऊ लागतो. भारतातले नातेवाईक विचारतात की, चांगली नोकरी असताना इंग्लंडातल्या कालव्याच्या कडेला काटेरी झुडपांत हात घालण्याची वेळ तुझ्यावर का आली. आणि बर्मिंगहॅमच्या आसपासची मराठी मंडळी, जी मला कालव्यावर डबा घेऊन फिरताना पाहतात, ती विचारतात की सुपरमार्केटमध्ये बारा महिने ब्लॅकबेरी मिळत असताना हा खटाटोप कशासाठी. पहिल्या प्रश्नामागे काळजी असते. दुसऱ्यामागे थोडी लाज असते, आणि ती माझ्यामुळे त्यांना वाटत असते, हे मला कळते.

पूर्वी मी सांगत असे की करवंदांची आठवण येते म्हणून जाते. हे उत्तर सर्वांना आवडायचे आणि विषय तिथेच संपायचा. पण ते खरे नव्हते. करवंदांच्या जाळीत मी लहानपणी क्वचितच शिरले असेन. आमच्या घरी करवंदे पानाच्या द्रोणातून विकतच येत. पैसे वाचतात म्हणून जाते, असेही नाही, कारण जॅमला लागणारी साखर आणि शेगडीपाशी उभे राहण्याचा वेळ धरला तर हा व्यवहार उघड तोट्याचा आहे.

कालवाच का, याचे कारण मात्र सरळ आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्याच्या आरंभी हे कालवे खणले गेले, तेव्हा नावा ओढणाऱ्या घोड्यांची पायवाट शेजारच्या शेतापासून वेगळी राहावी म्हणून कडेने जिवंत कुंपणे लावण्यात आली. त्यांत मुख्यतः हॉथॉर्न हे काटेरी झुडूप असे, काही ठिकाणी ब्लॅकथॉर्न, तेही काटेरीच. त्याच काळात संसदेच्या कायद्यांनी गावोगावची सामायिक कुरणे खासगी होत होती आणि शेताशेतांभोवती अशीच कुंपणे उभी राहत होती. म्हणजे ज्या काट्यांनी पूर्वी गोरगरिबांना जमिनीबाहेर ठेवले, त्याच काट्यांत आज मी फळे शोधते, आणि ही गंमत मी विसरलेले नाही. ब्लॅकबेरी आणि एल्डर हे काळ्या फळांचे झुडूप मागाहून आपले आपण आले. दुसऱ्या महायुद्धानंतर यंत्रांना मोठी शेते हवी झाली, तेव्हा देशातली कितीतरी कुंपणे उपटली गेली. कालव्याकाठच्यांना नांगर आडवा गेला नाही, म्हणून ती पुष्कळशी टिकली.

शेताच्या कडेची जी कुंपणे उरली, त्यांतही फळ कमीच असते. हॉथॉर्न आणि ब्लॅकथॉर्न यांना फूल येते ते आदल्या वर्षीच्या फांदीवर, आणि पक्ष्यांच्या विणीसाठी असलेली मार्च ते ऑगस्टची बंदी उठली की यंत्राने दरवर्षी तीच फांदी छाटली जाते. त्यामुळे 'तुम्ही पक्ष्यांच्या तोंडचा घास काढता' असा आरोप मला अधूनमधून ऐकावा लागतो, तेव्हा मी त्या यंत्राकडे बोट दाखवते. हॉथॉर्नच्या फळांना मी हातही लावत नाही. ती हिवाळ्यात स्कँडिनेव्हियातून येणाऱ्या पक्ष्यांसाठी राहू देते. ब्लॅकबेरी कुत्र्याच्या उंचीच्या वरचीच घेते, आणि घडाच्या टोकाचे फळ आधी, कारण ते सर्वांत मोठे आणि गोड असते. एल्डरची फळे शिजवल्याशिवाय कोणाला देत नाही, कारण कच्ची खाल्ली तर उलट्या होतात. ब्लॅक ब्रायनी या वेलीच्या फळांची लाल माळ त्याच कुंपणात लोंबत असते. ती विषारी आहे, आणि ती ओळखता येईपर्यंत मी मुलीला बरोबर नेले नाही.

हे सगळे मी प्रश्न टाळण्यासाठी सांगते आहे, असे तुम्हाला वाटेल, आणि त्यात थोडे तथ्य आहे.

माझे वडील तलाठी म्हणून निवृत्त झाले. ते इथे आले होते त्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस मी त्यांना कालव्यावर नेले. एका जलद्वाराच्या पुढे कुंपणात डॅमसनचे झाड आहे. ही लहान, निळसर-काळ्या, आंबट आलुबुखारांची (प्लमची) जात. अण्णा आधी नुसतेच उभे होते, मग स्वेटरच्या बाह्या मागे सारून तोडू लागले, आणि लवकरच त्यांचा डबा माझ्यापेक्षा अधिक भरला. दप्तरातल्या नोंदी जितक्या निगुतीने करत, तितक्याच निगुतीने ते प्रत्येक फळ देठापाशी खुडत होते. तेवढ्यात त्यांच्याच वयाचा एक गृहस्थ कुत्रा घेऊन आला, थांबला, आणि अगदी शांत आवाजात मला म्हणाला की, ही फळे इथे राहणाऱ्या लोकांसाठी असतात. आवाज चढलेला नव्हता, शिवी नव्हती. मी त्या कालव्यापासून चालत दहा मिनिटांवर राहते, आणि एवढे एक वाक्य मला बोलता आले असते.

अण्णांना त्याचे इंग्रजी कळले नसावे, पण बाकी सगळे कळले. मी तोंड उघडण्याच्या आधीच त्यांनी वाकून डबा कुंपणाच्या मुळाशी ओतला, झाकण लावले, आणि दोन्ही तळवे उघडे करून त्या माणसाला दाखवले. चाळीस वर्षे ज्यांच्यासमोर लोक हात जोडून उभे राहत, त्या माझ्या वडिलांनी रिकामे हात दाखवले. तो गृहस्थही ओशाळला, तसे म्हणायचे नव्हते असे काहीतरी पुटपुटून निघून गेला. माझा डबा भरलेला होता, तो तसाच पिशवीत होता. मी एक शब्दही बोलले नाही. घरापर्यंत अण्णा इथल्या पावसाबद्दल बोलत राहिले.

ते परत गेल्यावर मी त्यांना फोनवर कायदा वाचून दाखवला. इंग्लंड आणि वेल्सला लागू असलेला १९६८ चा चोरीविषयक कायदा आहे. त्याच्या चौथ्या कलमाचे तिसरे पोटकलम सांगते की, रानटी उगवलेल्या झाडाची फळे, फुले किंवा पाने कोणत्याही जमिनीवरून तोडणे ही चोरी नव्हे, मात्र ती विक्रीसाठी किंवा मोबदल्यासाठी तोडलेली नसावीत. अण्णांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "ते झाड आपलं आपण उगवलेलं होतं, की कोणी लावलेलं?" मला उत्तर देता आले नाही, आजही येत नाही. डॅमसन कुंपणात मुद्दाम लावण्याची रीत इथे होती. शिवाय त्याची कोय पडून नवे झाडही येते. "मग उतारा बघितल्याशिवाय बोलू नये," असे म्हणून त्यांनी विषय बंद केला.

तेव्हापासून मी माझ्याशीच भांडते आहे. त्या दिवशीची मी म्हणते की, बोलले असते तर वाद वाढला असता आणि अण्णांना तो पाहावा लागला असता. आजची मी म्हणते की त्यांना जे पाहावे लागले, ते वादापेक्षा वाईट होते. पण आजच्या मला तरी कितपत विश्वासार्ह मानावे? मागून पावले ऐकू आली की ती अजून डब्याचे झाकण लावते.

तर उत्तर, जेवढे मला देता येते तेवढे, असे आहे. या देशात मला जे मिळाले, म्हणजे व्हिसा, घर, मुलीची शाळा आणि शेवटी नागरिकत्व, त्या प्रत्येकासाठी मी अर्ज भरला, कागद जोडले आणि कोणाच्या तरी होकाराची वाट पाहिली. ब्लॅकबेरीसाठी अर्ज नाही. पूर्वी मला वाटे की म्हणूनच मी तिथे निवांत असते. आता मी निवांत नसते, तरीही जाते. फळांसाठी जाते की हक्क बजावायला, हे मला नीट सांगता येत नाही, आणि त्यातले दुसरे असेल तर माझ्या मुलीला त्यात ओढणे योग्य आहे का, हेही नाही.

आणि मंडळातल्या ज्यांनी गेल्या गणपतीत माझ्या जॅमच्या बरण्या देणगी-विक्रीच्या टेबलासाठी मागितल्या आणि मी नकार दिल्यावर कंजूष म्हटले, त्यांच्यासाठी : वर सांगितलेली सूट विक्रीपाशी संपते, आणि देणगीसाठी केलेली विक्री ही विक्री नव्हे, असे त्या पोटकलमात कुठेही लिहिलेले नाही. बरण्या घरी आहेत. ज्यांना हव्या असतील त्यांनी येऊन न्याव्यात. पैसे मात्र मी घेणार नाही.