सोळा दिसले नाहीत, तरी सोळाच लिहायचे का?

प्रश्न दरवर्षी तोच असतो, विचारणारे तेवढे बदलतात. कांद्याच्या मुळाग्राची स्लाइड केली, मायक्रोस्कोपखाली मेटाफेजची (विभाजनात गुणसूत्रं पेशीच्या मध्यावर येतात त्या टप्प्याची) पेशीही सापडली, पण गुणसूत्रं मोजली तर बारा, तेरा, फार तर चौदा. पुस्तकात तर १६. मग जर्नलमध्ये काय लिहू? विद्यार्थ्यांनी विचारलं तर समजू शकते. पण पालक विचारतात, नव्याने रुजू झालेले शिक्षक विचारतात, आणि येताना उत्तर सोबत घेऊनच येतात: ‘सोळाच लिहिलेलं बरं ना?’

माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. ते हट्टाचं वाटतं हे मला ठाऊक आहे. तुम्ही विचारलंत, आणि पुस्तकातला आकडा न लिहिणाऱ्याचे परीक्षक गुण कापतात असंही म्हणालात, म्हणून एकदा सविस्तर सांगते. विभाजनाचे टप्पे तुम्हाला पाठ आहेत, ते सोडून देते.

आधी स्लाइडबद्दल, कारण ‘सोळा दिसत नाहीत’ म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांना मुळात काहीच दिसलेलं नसतं. सुरुवात कांद्यापासूनच चुकते. शेतातून नुकता निघालेला कांदा सुप्तावस्थेत असतो, त्याला लवकर मुळं फुटत नाहीत. चाळीत काही महिने राहिलेला, शेंड्याला हिरवा कोंब डोकावू लागलेला लहान कांदा घ्या. कोंब येऊ नयेत म्हणून विकिरण केलेला कांदा मात्र भरवशाचा नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगावला उभारलेल्या ‘कृषक’ केंद्रात कांद्यावर जी प्रक्रिया होते, ती नेमकी विभाजन होणाऱ्या पेशींना लागते. तुम्हाला जे पाहायचं तेच त्यात थांबवलेलं असतं. कांदा दाद देत नसेल तर लसणाची पाकळी घ्या. तिच्याही पेशीत १६च गुणसूत्रं असतात आणि मुळं लवकर येतात.

जुनी वाळकी मुळं ब्लेडने खरवडा, खालच्या चकतीला धक्का न लावता. कांदा पाण्यात बुडवायचा नाही, तळ जेमतेम टेकला पाहिजे. बुडला की सडतो. पाणी रोज बदला. मुळं २ ते ३ सेंटीमीटर झाली की सकाळच्या वेळी टोकं कापून थेट फिक्सेटिव्हमध्ये (पेशी आहेत त्या स्थितीत थांबवणाऱ्या मिश्रणात) टाका: ३ भाग ॲब्सोल्यूट अल्कोहोल, १ भाग ग्लेशियल ॲसेटिक आम्ल, त्याच दिवशी मिसळलेलं. मागच्या आठवड्याची बाटली वापरू नका. तिच्यात अल्कोहोल आणि आम्ल यांचं हळूहळू एस्टर होत असतं आणि मिश्रणाचा जोर जातो. २४ तासांनी टोकं ७० टक्के अल्कोहोलमध्ये काढून फ्रिजमध्ये ठेवली की पुढे कितीतरी दिवस चालतात.

रंगवताना वॉच ग्लासमध्ये ॲसिटोकार्मिन या रंगाचे ९ थेंब आणि १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाचा १ थेंब. स्पिरिट लॅम्पवर वाफ दिसेपर्यंतच गरम करायचं. उकळलं की रंगाचे कण खाली बसतात, आणि ते कण गुणसूत्रं म्हणून मोजणारे महाभाग निघतातच. मग १० ते १५ मिनिटं झाकून ठेवा. आम्ल पेशींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन सैल करतं. ते कमी पडलं तर पेशी एकमेकींवर थरांनी राहतात. त्यानंतर गडद रंगलेलं टोकाचं १ ते २ मिलिमीटर ठेवून बाकीचं मूळ फेकून द्या. इथे हात आखडतात. ‘थोडं जास्त असू दे’ म्हणून अर्धा सेंटीमीटर ठेवला जातो आणि स्लाइडभर लांबट, विभाजन संपलेल्या पेशी दिसत राहतात. कव्हरस्लिप ठेवून सुईच्या दांड्याने हलके ठोके द्या, वर ब्लॉटिंग पेपर धरून अंगठ्याने सरळ खाली दाबा. कव्हरस्लिप आडवी सरकली की पेशी लाटल्या जातात, मग ती स्लाइड गेली.

एवढं सगळं नीट केलं तरी सोळा दिसतीलच असं नाही, आणि हा तुमचा दोष नव्हे. मेटाफेजमध्ये गुणसूत्रं पेशीच्या मध्यावर दाटीने असतात आणि बहुतेक वेळा आपण ती बाजूने पाहतो. कांद्याची गुणसूत्रं लांब; एकाचा हात दुसऱ्यावर पडतो आणि दोनांचं एक दिसतं. दाबताना पेशी फुटली तर एखाद-दुसरं बाहेर निसटतं. शेजारच्या पेशीतलं आत आलं तर सतराही भरतात. त्यातून काही जण मोजतात भलतंच. मोजायचे ते सेंट्रोमिअर, म्हणजे गुणसूत्राचे दोन जुळे धागे जिथे जोडलेले असतात ते बिंदू. मेटाफेजमध्ये १६ गुणसूत्रं असतात, प्रत्येकाला दोन क्रोमॅटिड, म्हणजे ते जुळे धागे. पुढच्या टप्प्यात, ॲनाफेजमध्ये, ते सुटे झाले की प्रत्येक ध्रुवाकडे १६, म्हणजे त्या घटकेला पेशीत ३२. क्रोमॅटिड आणि गुणसूत्र यांची सरमिसळ करून ‘बावीस’ लिहिणाऱ्याला मी दिसेल ते लिहिण्याचं श्रेय देत नाही. त्याची संकल्पनाच कच्ची आहे.

मोजणीच करायची असेल तर वेगळी वाट आहे. फिक्स करण्याआधी मुळं ३-४ तास कोल्चिसिनच्या ०.०५ टक्के द्रावणात ठेवली की तर्कूतंतू (गुणसूत्रांना ध्रुवांकडे ओढणारे धागे) तयार होत नाहीत आणि गुणसूत्रं पेशीत मोकळी पसरतात. पण कोल्चिसिन जहाल विष आहे (आपल्याकडच्या कळलावीच्या कंदात असतं तेच), कॉलेजच्या टेबलावर ते नको. पॅराडायक्लोरोबेंझिनचं संपृक्त द्रावण जवळपास तेच काम करतं, तेही वाफ न हुंगता हाताळायचं. शिवाय तर्कूतंतू गेले की ॲनाफेज गेला. ज्या स्लाइडवर सोळा स्वच्छ मोजता येतात, तिच्यावर टप्पे दिसत नाहीत. दोन्ही एकाच तासात मागणारी प्रश्नपत्रिका कुणी काढली असेल, तर त्यांनी ती स्लाइड स्वतः करून पाहावी.

आता मूळ मुद्दा. ‘पुस्तकात आहे तोच आकडा लिहिला तर बिघडलं काय?’

काय बिघडतं ते माणसाच्या गुणसूत्रांच्या बाबतीत घडून गेलं आहे. प्राणिशास्त्रज्ञ थिओफिलस पेंटर टेक्सासमध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी वृषणांचे पातळ छेद पाहत होते. १९२१ मध्ये त्यांनी लिहिलं होतं की सर्वांत स्पष्ट पेशींमध्ये ४६च दिसतात, मात्र खरा आकडा ४६ की ४८ हे त्यांचं ठरत नव्हतं. १९२३ मध्ये त्यांनी ४८ ठरवला. त्यांना हिणवण्यात अर्थ नाही. छेद घेताना पेशीच कापली जाते, तुकडे वेगळे मोजले जातात, गुंता उलगडताना अंदाज करावा लागतो. वाईट गोष्ट त्यानंतरची. ४८ पुस्तकात गेला आणि पुढची तीस वर्षं लोक ४८ शोधत राहिले.

१९५२ मध्ये गुणसूत्रांचे अभ्यासक टी. सी. श्यू यांच्या प्रयोगशाळेत क्षारांचं द्रावण चुकून जास्त पातळ झालं. पेशींनी पाणी घेतलं, त्या फुगल्या, आणि गुणसूत्रं कधी नव्हे इतकी सुटी दिसली. मोजायला याहून चांगल्या पेशी तोवर कुणाला मिळाल्या नव्हत्या. तरीही त्यांनी छापलेला आकडा ४८.

मला जास्त लागतं ते त्याच्या पुढचं. १९५५ च्या वसंतात स्वीडनमधल्या लुंड इथे एव्हा हान्सेन-मेलांडर आणि त्यांचे सहकारी मानवी भ्रूणाच्या यकृतातल्या पेशी पाहत होते. त्यांना वारंवार ४६ मिळत होते. म्हणून त्यांनी काम थांबवलं. का, तर उरलेली दोन सापडत नव्हती. स्लाइड उत्तम होती, डोळे शाबूत होते, मोजणी बरोबर होती, आणि माणसं समजत होती की आपल्याच हातून काही राहतंय. ‘मॅडम, माझी स्लाइड बिघडली, चौदाच येतात’ या वाक्यात आणि त्या थांबलेल्या कामात मला फारसा फरक दिसत नाही. फरक एवढाच की त्यांचा आकडा खरा होता.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात, त्याच लुंडमध्ये, जो हिन त्यो आणि आल्बर्ट लेवान यांनी भ्रूणाच्या फुप्फुसातल्या पेशी घेतल्या, कोल्चिसिन आणि पातळ द्रावण दोन्ही वापरलं, स्लाइड दाबून पसरवली आणि ४६ मोजले. १९५६ मध्ये ते छापलं. लेवान कोण? १९३८ मध्ये कोल्चिसिनचा कांद्याच्या मुळांवर काय परिणाम होतो ते दाखवणारे. तुमच्या टेबलावर असतो तोच कांदा. आणि त्या दोघांनी लिहिलं कसं, तेही पाहा: वृषणातल्या पेशींची नव्याने काळजीपूर्वक तपासणी होईपर्यंत माणसाची संख्या ४६ आहे असं सरसकट विधान आम्ही करू इच्छित नाही, पण दुसरा निष्कर्ष काढणं अवघड आहे. थांबलेल्या कामाची नोंदही त्यांनी त्याच लेखात केली, म्हणून ती आपल्याला माहीत आहे. ४६ पक्के झाले म्हणून १९५९ मध्ये डाउन सिंड्रोममधलं सत्तेचाळिसावं गुणसूत्र ‘जादा’ म्हणून ओळखता आलं.

यावर ठरलेला प्रतिवाद येतो: माणसाचा आकडा चुकला होता, कांद्याचा बरोबर आहे. मान्य. कांद्यात १६च असतात आणि तुमचे तेरा हा शोध नाही. मी तेरा खरे मानायला सांगत नाही. तेरा दिसले हे लिहायला सांगते.

इथे माझं माझ्याशीच भांडण आहे. पूर्वी मी ठणकावून सांगत असे, पुस्तक मिटा आणि दिसेल तेच काढा. ऐकायला फार छान. पण ज्याने मेटाफेजचं चित्र कधी पाहिलंच नाही त्याला स्लाइडवर मेटाफेज दिसत नाही, गुलाबी डाग दिसतात. काय शोधायचं हे आधी माहीत असावं लागतं. आणि श्यूंना फसवलं ते नेमकं याच आधी माहीत असण्याने. पुस्तक किती उघडं ठेवायचं, हे मला आजही नेमकं सांगता येत नाही. प्रात्यक्षिकाआधी आकृती दाखवावी, आकडा सांगू नये, असं मध्यंतरी करून पाहण्यासारखं वाटायचं. पण आकडा नववीपासूनच्या प्रत्येक गाइडमध्ये आहे, लपवणार कुठे?

सध्या जर्नलमध्ये मी दोन ओळी मागते, एकीखाली एक. ‘निरीक्षण: मेटाफेजच्या ५ पेशी पाहिल्या, २ मोजण्याजोग्या, संख्या १३ आणि १४, मध्यभागी गुणसूत्रं एकमेकांवर.’ आणि खाली ‘मान्य संख्या: १६’. आकृती पहिल्या ओळीची काढायची. खाली कुठल्या ऑब्जेक्टिव्हने (भिंगाने) पाहिलं ते लिहायचं आणि पेन्सिलने काढलेलं नंतर खोडायचं नाही.

बाहेरून येणारे परीक्षक पुस्तकातली सोळा रेघांची आकृती पाहून पूर्ण गुण देतात आणि तेरावाल्याचा एक गुण कापतात, हे तुम्ही म्हणता ते खरं आहे. काही जण विचारतात, ‘हे तेरा कुठून आले?’ आणि उत्तर ऐकून गुण परतही देतात. सगळे देत नाहीत. तो गुण मी भरून देऊ शकत नाही, आणि तरी मुलांना तेरा लिहायला लावते. यात अन्याय आहे असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.