सीसॉचा आवाज

भोसरीत आमचं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. ग्रिल, जिने, पत्र्याच्या शेड, हीच कामं. एक दिवस एक ताई वहीच्या कागदावर काढलेलं चित्र घेऊन आल्या. दोन रुंद फळ्या, वर बिजागरी. म्हणाल्या, "यावरून माझी कुत्री चढून पलीकडे उतरणार आहे." ती ए-फ्रेम. अ‍ॅजिलिटी, म्हणजे कुत्र्याने ठरलेल्या क्रमाने अडथळे पार करायचा खेळ, हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. घोड्यांच्या अडथळे ओलांडण्याच्या स्पर्धेवरून सुचलेला हा खेळ 1978 साली लंडनच्या क्रफ्ट्स शोमध्ये मधल्या वेळेतली करमणूक म्हणून पहिल्यांदा झाला, हे त्यांनीच सांगितलं.

मला त्यातली मापं आवडली. वीव्हचे, म्हणजे कुत्र्याने नागमोडी पळायचे, 12 खांब, दोन खांबांत 60 सेंटीमीटर. टनेलचा, म्हणजे बोगद्याचा, व्यास 60 सेंटीमीटर. सीसॉ म्हणजे मधोमध टेकू असलेली, खालीवर होणारी फळी. तिच्या उतरत्या टोकाकडे 1 किलो वजन ठेवलं, तर ती 2 ते 3 सेकंदांत कलून जमिनीला टेकली पाहिजे. आमच्या वेल्डर मामांनी किराणा दुकानातून वजन आणून दोन दिवस ती फळी जुळवली होती.

पुढे पिरंगुटजवळ मैदान भाड्याने घेतलं आणि सगळं साहित्य नियमाच्या मापाने मांडलं. येईल त्या कुत्र्याला तोच कोर्स, म्हणजे अडथळ्यांचा मार्ग. दुसऱ्याच आठवड्यात एक लॅब्रेडॉर सीसॉवर चढला, मधोमध आला आणि फळी धाडकन जमिनीवर आपटली. तो उडी मारून पळाला. नंतर चार महिने साधी जमिनीवर ठेवलेली फळीसुद्धा तो ओलांडेना. आमचं माप चोख होतं, पण त्याला त्या आवाजाची कुणी ओळखच करून दिली नव्हती. त्याच्या मालकांची मी माफी मागितली. तो लॅब अजून येतो, टनेल आनंदाने करतो. सीसॉ त्याच्यापुढे आम्ही पुन्हा ठेवला नाही.

तेव्हापासून मैदानाचे तीन भाग केले. नवख्यांच्या भागात सीसॉच्या फळीखाली फक्त पाईपचा तुकडा असतो आणि टोकांखाली जुने टायर, म्हणजे आपटण्याचा आवाज दबतो. उंची वाढवायची ती त्या कुत्र्याची शेपटी बघून. टनेल सरळ आणि आखूड, पलीकडे मालकाचं तोंड दिसेल एवढाच. वीव्हचे खांब दोन ओळींत लांब लांब रोवतो. कुत्रा मधून पळतो आणि आम्ही रोज ओळी थोड्या जवळ आणतो. अडथळ्यांच्या दांड्या जमिनीवरच. वर्ष-दीड वर्षाच्या आतल्या पिल्लांना उंच उड्या देतच नाही, कारण त्यांच्या हाडांची टोकं अजून वाढत असतात. मालक कितीही आग्रह करोत.

मधल्या भागात 6 खांब, मोठी वळणं. शेवटच्या भागात खरी परीक्षा: डॉग वॉकच्या (उंचावरच्या अरुंद फळीच्या) चढणीला लागूनच टनेलचं तोंड, म्हणजे हँडलरचा, कुत्र्यासोबत धावणाऱ्या माणसाचा, खांदा जरा चुकीकडे वळला की कुत्रा भलतीकडे शिरणार. म्हणून कुत्रा बाहेर ठेवून हँडलरने आधी एकट्याने कोर्स चालून पाहायचा, हे आमच्याकडे सक्तीचं आहे.

कोर्स आखताना जातही बघावी लागते. आपला कारवानी शिकारी कुत्रा सरळ रेषेत वाऱ्यासारखा सुटतो, पण वळायला त्याला जागा लागते. डॅशहुंडची पाठ लांब, त्याला उड्या नकोतच.

चुका साहित्यातही झाल्या. सुरुवातीला फळ्यांना वाळू मिसळलेला रंग दिला, त्याने पंजे सोलवटले. आता रबराचे दाणे लावतो. साधं प्लाय पहिल्याच पावसाळ्यात फुगलं, म्हणून मरीन प्लाय. उन्हाळ्यात सकाळी साडेआठनंतर मैदान बंद.

गेल्या महिन्यात एका गृहसंकुलाने बागेसाठी पूर्ण संच मागितला. ऑर्डर मोठी होती. मी बुटके अडथळे आणि आखूड टनेल दिले. सीसॉ आणि ए-फ्रेमला नाही म्हटलं, कारण तिथे शेजारी उभा राहून बघणारं कुणी नसणार.