आस्कंदाचा पर्कोलेटर तुंबला तेव्हा

मे महिना, सोलापूर. सकाळी अकरालाच शेडमध्ये पारा चाळीसवर. आदल्या दिवशी आस्कंदाच्या, म्हणजे अश्वगंधेच्या मुळाची पूड भरून ठेवलेल्या पर्कोलेटरची तोटी उघडली, तर चार थेंब पडून धार बंद. पर्कोलेटर म्हणजे तळाशी तोटी असलेलं उभं भांडं, भरलेल्या पुडीतून स्पिरिट हळूहळू झिरपवून अर्क काढायचं.

"साहेब, तोटी चोंदलीय. तार घालू का?" मदतनीसाने विचारलं.

तार अजिबात घालायची नाही. तळाचा कापसाचा थर फाटला की पुढचं सगळं गढूळच उतरतं.

पहिला संशय स्पिरिटवर. आमचं प्रमाण १ किलो मुळाला ५ लिटर टिंक्चर, म्हणजे स्पिरिटमधला अर्क, अल्कोहोल ६० टक्के. असं ६ लिटर मिश्रण करायला ९५ टक्क्यांचं रेक्टिफाइड स्पिरिट ३.८ लिटर घ्यायचं आणि पाणी ६ लिटरच्या खुणेपर्यंत ओतायचं. पाणी आधी २.२ लिटर मोजून ठेवू नये. दोन्ही मिसळल्यावर आकारमान घटतं. मिश्रण तापतंही. त्यात अल्कोहोलचं प्रमाण मोजणारा अल्कोहोलमीटर २० अंशांसाठी आखलेला. आपल्याकडच्या ४० अंशांत तो सात-आठ टक्के जास्त दाखवतो, म्हणजे ६० दिसले तरी खरे ५२-५३ च, आणि स्पिरिट असं पातळ झालं की मुळातला चिकट अंश जास्त उतरतो. नमुना बर्फात ठेवून २० अंशांवर आणला आणि मोजला. बरोबर ६०. स्पिरिट संशयातून सुटलं.

मग शिल्लक पूड चिमटीत घेतली. मैद्यासारखी! मागवली होती भरड, दळून आली वस्त्रगाळ. दुधातून घ्यायच्या चूर्णाला वस्त्रगाळ उत्तम, पर्कोलेटरला मात्र घातक. आस्कंदाच्या मुळात स्टार्च भरपूर. इतके बारीक कण ओले झाले की फुगून एकमेकांत घट्ट बसतात आणि द्रवाला वाटच उरत नाही. उतरलेल्या गढूळ थेंबांचा गाळ पाण्यात कालवून आयोडीन टाकलं, लगेच निळंकाळं, म्हणजे स्टार्चच.

भरलेला माल वाया घालवायचं कारण नव्हतं. सगळा लगदा आणि उरलेलं मिश्रण झाकणाच्या बरणीत घालून सात दिवस भिजत ठेवायचं ठरवलं, दिवसातून दोनदा हलवून. नंतर दोन दिवस निवळू द्यायचं आणि वरचं निथळ तेवढं गाळायचं, तेही पहाटे, गाळणीवर झाकण ठेवून. या हवेत उघड्या गाळणीवरून स्पिरिट डोळ्यांदेखत उडतं. जवळपास शेगडी असेल तर भडकाही उडेल.

पुढच्या बॅचला अख्खी मुळंच घ्यायची. चांगलं मूळ कट्‌कन मोडतं, आत पांढरं पिठूळ असतं. जून मूळ दोरखंडी निघतं. अख्ख्यात खोडाचा बुडखाही दिसतो, पुडीत पाला मिसळला तरी नजरेला कळत नाही. पानांऐवजी मूळच वापरा, असं आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना बजावलं ते उगाच नाही.

भरड १ मिमीच्या चाळणीतून जाईल अशी, धूळ वेगळी काढलेली. ती आधी थोड्या मिश्रणात ओलावून झाकणाखाली चार तास ठेवावी, म्हणजे फुगायचं ते बाहेरच फुगतं. ही पायरी बरेच जण घाईत वगळतात. मग थराथराने, फार न दाबता भरणं, २४ तास मुरवणं, आणि किलोमागे मिनिटाला १ ते ३ मिली धार. पावणेचार लिटर जमलं की चोथा पिळून तो रस त्यात मिसळायचा आणि ताज्या मिश्रणाने ५ लिटर पुरे करायचे.