निरंक

दुपारपासून एकच शब्द डोक्यातून जात नाही.

गौरव अंकासाठी कॉलेजकडून चार पानी फॉर्म आलाय. तीन पानं सकाळीच भरून झाली. रुजू १९८७. विषय इलेक्ट्रिकल मशीन्स, पॉवर सिस्टिम्स. पेपर, पीएच.डी.ची मुलं, अभ्यास मंडळ. १९९० ला जळगावात विद्यापीठ झालं, त्यानंतर अभ्यासक्रम बांधायला रात्री जागलो, तेही लिहिलं. दीपनगरच्या वीज केंद्राच्या सहली मात्र कुठल्याच रकान्यात बसेनात. तिथला २१० मेगावॅटचा संच पाहून गप्प झालेली पोरं पुढे ५०० मेगावॅटच्या संचावर शिफ्ट सांभाळू लागली. असो.

चौथं पान : ‘सामाजिक योगदान – संस्था, पद, कालावधी’. तिथे पेन अडलं. फोन केला, तर पलीकडचा मुलगा सहज म्हणाला, “पद नसेल तर निरंक लिहा, सर.” त्याचा काही दोष नाही. पण जेवताना घास उतरेना. हिने दोनदा विचारलं, मी बोललो नाही.

पंधरा वर्षांचे शनिवार. चोपड्याची एसटी, पुढे मिळेल ते. ऐन रब्बीत डीपी, म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर, जळायची आणि गव्हाचं पाणी तुटायचं. कारण उघड होतं. मोटारीमोटारीला ऑटोस्विच, लाईट आली की सगळ्या एकाच क्षणी उठतात, आणि उठताना प्रत्येकीला नेहमीच्या पाच-सहा पट करंट लागतो. त्यात कॅपॅसिटर, म्हणजे तारेतला काम न करणारा करंट कमी करणारा डबा, कुणी लावत नाही. पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेतला कामी येणारा हिस्सा, ०.७ वरून ०.९ वर नेला, तरी तारेत वाया जाणारी वीज ४० टक्क्यांच्या आसपास वाचते. वर्गात हे एका त्रिकोणात सांगून व्हायचं. बांधावर तिथले शेतकरी आप्पा यांनी विचारलं, करंट वाहतो तर मग काम का करत नाही? मी म्हटलं, जोडीतला एक बैल सरळ ओढतो, दुसरा बाजूला ओढतो. जू मात्र दोघांच्या मानेवर. आप्पा विचार करून म्हणाले, “म्हणजे हा डबा त्या बैलाचा कासरा.” पुढे मी वर्गातही हेच सांगत आलो.

मला हार-तुरे नको होते. खरंच नको होते. मग एका शब्दाचं एवढं का लागावं? निरंक म्हणजे काहीच नाही. काहीच नव्हतं? बाबा असते तर... ते राहू दे.

संध्याकाळी आप्पांच्या धाकट्याचा फोन. “सर, डीपी जयी गई.” नवी बसायच्या आत लोड बघायला याल का, म्हणाला. आधी वाईटच वाटलं, अजून तेच! मग त्याने विहिरीवरच्या खोलीचा फोटो पाठवला. कॅपॅसिटरचा डबा गंजलेला, वायर तोडून टोकांना चिकटपट्टी. शेजारी भिंतीवर मोटारीला कॅपॅसिटर केवढा त्याचं माप, ‘५ एचपी – २ केव्हीएआर’. मी खडूने लिहिलं होतं, हे ऑइलपेंटने आहे. अक्षर माझं नाही. आप्पांचं ‘५’ असंच, पोट फुगलेलं.

बराच वेळ फोटो मोठा करून बघत बसलो.

फॉर्म टेबलावर आहे. संस्था आणि पद कोरं ठेवलं. कालावधीत ‘शनिवार’ लिहिलं. हिने जेवायला वाढलंय. करंट मोजायच्या टोंग टेस्टरचे सेल गेलेत, सकाळी गाडीआधी स्टँडवर घ्यावे लागतील.