वर काय तोंड दाखवू?

आई गेली त्याला सहा महिने झाले होते. तिची जपमाळ सदऱ्याच्या खिशात घालून मी आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर निघालो. माझी ही पहिलीच वारी. आईच्या अकरा झाल्या होत्या. दर वर्षी ती म्हणायची, "एकदा तरी चल." ती असताना काही जमलं नाही.

निघायच्या आदल्या रात्री लेकीशी बोलणं झालं, ते पंढरपूरपर्यंत सोबत राहिलं. ती एकोणीस वर्षांची आहे. प्रश्न विचारते ते चिडवायला नाही, तिला तो खरंच पडतो म्हणून. म्हणाली, "बाबा, आजी सारखी म्हणायची ना, मला वैकुंठाला जायचंय. मग तिने लोकांचं जे जे केलं, ते त्यासाठीच का? म्हणजे शेवटी स्वतःसाठीच की." मला राग आला नाही, पण उत्तरही आलं नाही. आईच्या चांगुलपणावर कुणी पहिल्यांदाच बोट ठेवलं होतं, आणि तेही तिच्या लाडक्या नातीनं. मी मनाशी एवढंच ठरवलं की या वारीत आपण काही मागायचं नाही. पुण्य नको, स्वर्ग नको. नुसतं चालायचं.

पुणे ते सासवड हा टप्पा फार लांबचा, आणि त्यात दिवेघाट. वळणामागून वळण, वर पाहावं तर पताका, खाली पाहावं तर पताका. आमच्या दिंडीत डोक्यावर तुळस घेतलेली एक म्हातारी होती. काखेत गाठोडं. दुसऱ्या वळणावर तिला धाप लागली, तसा मी पुढे होऊन म्हणालो, "आजी, तुळस द्या माझ्याकडे." तिनं मान हलवली. "तुळस न्हाई द्यायची. हे घ्या, माउली," आणि गाठोडं माझ्या हातात दिलं.

शंभरएक पावलं गेलो असेन. मग माझ्या लक्षात आलं की मी इकडंतिकडं बघतोय. कुणी पाहिलं का, हे बघतोय. दिंडीतलं कुणी नसलं तरी तो वरचा तरी बघत असेल, असंही मनात येऊन गेलं. काही मागायचं नाही म्हणून निघालेला मी, पहिल्याच चढावर पावती मागत होतो. ती म्हातारी मला दिसतच नव्हती. तिचे भेगाळलेले पाय, तिची धाप, काही नाही. दिसत होतं ते फक्त तिचं गाठोडं, माझ्या हातातलं. घाटमाथ्यावर ते परत देताना मला तिच्याकडे बघवलं नाही.

रोज संध्याकाळी हरिपाठ होतो. लहानपणापासून कानावर पडलेला, पण ऐकला मात्र त्या दिवशी. 'हरि मुखें म्हणा हरि मुखें म्हणा । पुण्याची गणना कोण करी.' आईच्या ओठांवर हीच ओळ असायची आणि बोटांखालून माळेचे मणी सरकत असायचे. ते मोजणं आणि माझं घाटातलं मोजणं एकच होतं का, याचा मला काही केल्या उलगडा होईना.

पुढे नीरा ओलांडली. माउलींच्या पादुकांना नदीत स्नान झालं, गर्दी भिजली, मीही भिजलो. त्यानंतरच्या एका मुक्कामी कीर्तनात ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायातली ओवी आली, 'पुण्यात्मकें पापें स्वर्गा जाइजे.' मी दचकलो. यज्ञ करून स्वर्ग मागणाऱ्यांविषयी माउली इतकं कठोर बोलतात. पुण्याचं गाठोडं सरलं की माणूस पुन्हा खाली येतो, आणि ज्या पुण्यानं देव हाती लागत नाही ते पुण्य कसलं, असा त्याचा रोख. म्हणजे माझी लेक बोलली ते ज्ञानदेव सातशे वर्षांपूर्वीच बोलून गेले होते! आईसाठी जीव तुटला. ती अकरा वेळा या वाटेनं चालली ती काय चुकीच्या गावाला निघाली होती?

त्या रात्री तंबूत झोप लागेना, आणि मला काकू आठवली. आईची जाऊ. जमिनीच्या वाटणीवरून तिनं आईशी बारा वर्षं अबोला धरला होता. ती अंथरुणाला खिळली तेव्हा आई स्वतःहून गेली. आम्ही सगळ्यांनी अडवलं. आई एवढंच म्हणाली, "नाही गेले तर वर काय तोंड दाखवू?" आणि गेली. तीन महिने तिला न्हाऊ घातलं, तिची वेणी घातली, भाताचा घास मऊ करून भरवला. काकू गेली त्या दिवशी आई अशी रडली की बघणाऱ्याला वाटावं, सख्खी बहीण गेली.

'वर' या शब्दानं तिला घराबाहेर काढलं, हे खरं. ते मी नाकारत नाही. अभिमान मोठा होता तिचा, आणि त्या धाकाखेरीज तो मोडला नसता. पण उंबरठा ओलांडल्यावर वेणी घालणाऱ्या त्या बोटांना स्वर्गाची आठवण होती असं मला वाटत नाही. मजुरी घेणारा दिवस भरला की हात धुतो. आई तर दिवस भरल्यावरही रडत बसली होती. आणि 'तोंड दाखवणं' हे मजुरीचं बोलणंच नाही. आपण तोंड दाखवतो ते माहेरच्या माणसांना, ज्यांच्या नजरेतून उतरलेलं सोसत नाही त्यांना. तिचं वैकुंठ म्हणजे असंच कुणीतरी ओळखीचं, दारात वाट बघणारं. स्वर्गात काय काय मिळतं, याबद्दल ती कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

गीतेच्या सातव्या अध्यायात देवाकडे येणारे चार प्रकारचे भक्त सांगितलेत. दुःखानं पिडलेला, जाणून घ्यायची इच्छा असलेला, काहीतरी मागणारा आणि ज्ञानी. ज्ञानी देवाला सर्वांत जवळचा, हे ठीकच. पण त्याआधी देव म्हणतो, 'उदाराः सर्व एवैते', हे सगळेच थोर. हा श्लोक मला पूर्वी पाठ होता, पण त्यातल्या 'सर्व' या शब्दावर कधी थांबलो नव्हतो.

फलटणच्या पुढे एका शेतकऱ्याबरोबर चाललो. साठीचा असेल. मी सहज विचारलं, "माउली, वारी कशासाठी?" तो म्हणाला, "पोरगं गेलं दोन वर्सामागं. त्याला तिथं बरी जागा गावावी. माझं काय, मी हितंच बरा." आणि टाळ वाजवत पुढे गेला. स्वर्ग मागणाऱ्या या माणसाला स्वार्थी म्हणायला माझी जीभ रेटली नसती. उलट मला माझ्याच 'काही मागायचं नाही' याची भीती वाटायला लागली. न मागणारा मी कुणी मोठा, असा एक ताठा त्यात लपून बसला होता, आणि घाटातल्या त्या गाठोड्यापेक्षा तो जड होता.

वाखरीहून पंढरपुरात शिरलो तेव्हा दर्शनाची रांग कुठवर गेलीय ते दिसतही नव्हतं. आमच्यातल्या पुष्कळांनी कळसाचं दर्शन घेतलं आणि तृप्त होऊन माघारी वळले. मी महाद्वारापाशी आलो, नामदेव पायरीजवळ. ज्याच्याशी विठ्ठल बोलायचा असं म्हणतात त्या नामदेवानं जागा मागितली ती इथली, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांची धूळ लागेल अशी. मागितलं त्यानंही.

मागून रेटा येत होता. क्षणभरच मिळाला असेल. खिशातली माळ काढून मी पायरीला टेकवली आणि म्हणालो, "आईला तुझ्याजवळ ठेव."