कुटायला वेळ आहे

परवा दुपारी पुण्याहून आतेभावाचा फोन आला. कसा आहेस, मामा कसे आहेत हे दोन मिनिटांत उरकलं आणि गडी मुद्द्यावर आला, येताना शेंगा चटणी आण, आणि कुटलेली आण हां, मिक्सरची नको. सोलापूरच्या माणसाला असे फोन येतातच. चादर, चटणी आणि कडक भाकरी, एवढ्यावरच तर आपली नातेवाईकांत पत टिकून आहे.

पण तो ‘कुटलेली’ म्हणाला आणि मला २०२० चा एप्रिल आठवला.

तेव्हा जो तो वेळ सार्थकी लावायच्या मागं लागला होता. ऑनलाइन कोर्स काय, सूर्यनमस्कार काय, डालगोना कॉफीचे फोटो काय. मला हा प्रकार पहिल्यापासून झेपत नाही, मे महिन्याच्या सुट्टीत पोरांना छंदवर्गाला घालणारे पालक असतात ना, तसलंच वाटतं. आमच्या लहानपणी सुट्टीत छंद वगैरे काही नव्हता. सोलापूरचा उन्हाळा, पारा ४२ च्या पुढं, बारा वाजले की आजी दाराला कडी घालायची ती चारलाच काढायची. मग आम्ही सगळी भावंडं शहाबादी फरशीवर पालथी पडून राहायचो, एक जागा गरम झाली की सरकून दुसरीकडं. बोलायचं नाही, आजी झोपलीय. एवढं ट्रेनिंग झालेल्या माणसाला लॉकडाऊनचं काय कौतुक?

तरी जिन्याखालचं दगडी उखळ मी बाहेर काढलंच. आई गेल्यापासून त्यावर तुळशीची कुंडी होती. घासून धुऊन घेतलं, शेंगा मंद आचेवर भाजल्या (शेंगा म्हणजे शेंगदाणे, बाहेरच्यांना दरवेळी सांगावं लागतं), गार झाल्यावर चोळून पाखडल्या आणि बसलो कुटत. तिखट, मीठ, लसूण, जिरं, बस्स. खोबरं घालणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांच्याकडं जेवायला जात नाही. मिक्सरमध्ये होतो तो कूट. चटणीला घाव लागतात, सुरुवातीला नुसता कोरडा भुगा दिसतो, हात भरून येतो, आता पुरे असं वाटतं, आणि त्याच्याही पुढं बरंच कुटल्यावर शेंगांना तेल सुटतं, चटणी काळपट लाल होते आणि मूठ वळली की गोळा राहतो. घाई असेल तर हे होतच नाही.

पाखडणं हे लहानपणी आमचं खातं. आजीचं सूप घेऊन गच्चीवर जायचं आणि वारा असेल तिकडं तोंड करायचं, की सगळी लाल सालं शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या सांडग्यांवर. त्या बाई तेलुगूत काहीतरी ओरडायच्या, आजी मराठीत उत्तर द्यायची, आणि दोघींना एकमेकींचं सगळं नीट कळायचं. एकदा चुलतभाऊ शाळेतनं टिळकांची गोष्ट ऐकून आला आणि मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी सालं झाडणार नाही म्हणाला. आजीनं त्याच्या हातात केरसुणी दिली आणि म्हणाली, टिळक शाळेत, इथं झाड.

तर एप्रिलात कुटायला बसलो आणि दुसऱ्या मिनिटाला समोरच्या गच्चीवरनं आवाज आला, काय कुटलालाय बे? एरवी आमच्या बोळात कुणी दार तोडलं तरी ऐकू जाणार नाही. मागच्या बाजूला यंत्रमाग आहेत, दिवसरात्र खटखट, जन्मापासून कानात बसलेली. माग बंद पडल्यावर बोळात कोण काय कुटतंय, कुणाच्या कुकरला किती शिट्ट्या झाल्या, सकाळी नऊचं रामायण कुणाच्या घरात लागलंय, सगळं सगळ्यांना. मला तर पहिले काही दिवस झोपच लागेना.

संध्याकाळी घरोघरी वाटीवाटी चटणी द्यायला निघालो, मास्क लावून. कोपऱ्यावरच्या मावशी उंबऱ्यात बसल्या होत्या. त्या बिड्या वळतात, पूर्वी त्यांच्या सासू वळायच्या. मांडीवरचं सूप नाही असं त्यांना मी कधी बघितलंच नव्हतं, त्या दिवशी हात नुसते गुडघ्यावर. मी आपलं बोलायचं म्हणून बोललो, काय मावशी, आता आरामच आराम.

म्हणाल्या, “वेळ हाय की रे. पानं कुठं हायती? तंबाखू कुठाय? कारखान्याला कुलूप हाय.”

बिडीची मजुरी हजारावर असते. हजार वळल्या की हजाराचे पैसे, बसलेल्या दिवसाचं काही नाही. मागवाल्यांचंही तेच, कापड उतरलं तर मजुरी. माझा पगार त्या महिन्यात एक तारखेलाच जमा झाला होता, आणि मी मोकळ्या वेळाबद्दल मतं बाळगून होतो.

मावशींनी चटणी चाखली. मीठ कमी झालंय म्हणाल्या.