छेदातली माणसं

"मॅडम, तुम्ही बीएएमएस, समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून नोकरी आहे, रोज पेशंट बघता. मग हे ऑनलाइन पब्लिक हेल्थ कशासाठी केलंत?" तालुक्याच्या मासिक सभेत डबे उघडले की हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. त्यामागोमाग ठरलेले प्रश्न येतात: वेळ कधी काढलात, पैसे किती गेले, पदवीला मान्यता आहे का, पगार वाढला का. तिथे दोन घासांमध्ये काय सांगणार? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून आज नीट बसून लिहिते.

पगाराचं आधी सांगून टाकते. वाढला नाही. कंत्राट तेच, काम तेच, उपकेंद्रही तेच. तेवढ्यासाठी कुणी हे करत असेल तर करू नये, असं मी मनापासून सांगते.

माझं उपकेंद्र सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला, डोंगरात आहे. सपाट भागात एका उपकेंद्रामागे ५,००० लोकसंख्या धरतात, डोंगरी आणि आदिवासी भागात ३,०००. दिवसाला तीस-पस्तीस जण तपासून होतात. ताप, खोकला, गुडघे, खरूज, बीपीच्या गोळ्या. पहिली दोन वर्षं मला वाटायचं की ओपीडीच्या रजिस्टरमध्ये माझं सगळं गाव आहे. कुठल्या घरात काय दुखतं हे मला तोंडपाठ होतं आणि त्याचा मला अभिमानही होता.

मग चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा एक मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम हाती लागला. आरोग्य संशोधनाची मूलतत्त्वं शिकवणारा, एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावरचा. छोटे छोटे व्हिडिओ होते, भांडी आवरून झाल्यावर एक-दोन बघता येतील असे. त्यात दर म्हणजे काय हे शिकवताना एक साधी गोष्ट सांगितली होती: अंश सगळे मोजतात, छेद कुणी विचारत नाही. शाळेत आपण अपूर्णांक शिकलो तेव्हा वरचा आकडा अंश, खालचा छेद. माझ्या रजिस्टरमध्ये नुसते अंश होते. जे आले ते. जे आलेच नाहीत, ज्यांना काही झालंच नाही, ज्यांना झालं पण ते घरीच राहिले, त्यांच्यासाठी रजिस्टरमध्ये रकानाच नव्हता. त्या रात्री मी रजिस्टर पुन्हा उघडून बघितलं. ठाकरवाडीतल्या एकाही बाईचं नाव तीन महिन्यांत नव्हतं. हे मला आधी कधीच खटकलं नव्हतं.

तिथून पुढे एका विद्यापीठाच्या ऑनलाइन एमपीएचला, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर पदवीला, प्रवेश घेतला. दोन वर्षांचा अभ्यासक्रम मला अडीच वर्षं पुरला, त्याचं कारण पुढे सांगते. आधी ती गोष्ट सांगते जिच्यामुळे हे शिकणं माझ्या अंगात भिनलं.

दुसऱ्या सत्रातला जुलै. तीन दिवसांत उलट्या-जुलाबाचे पंचवीस पेशंट आले. गावात एकच बोलणं: तेराव्याच्या जेवणातून बाधा झाली. सरपंच म्हणाले, आशाताई म्हणाल्या, मलाही ते पटलं. ओआरएस आणि झिंक वाटलं, दोघांना सलाईनसाठी पुढे पाठवलं, वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवलं, शौचाचे नमुने गेले. एरवी माझं काम इथे संपलं असतं.

पण त्याच आठवड्यात आम्हाला साथीचा तपास शिकवत होते. म्हणून वहीत रकाने आखले: नाव, वय, कुठे राहतो, पहिला जुलाब कधी झाला, पाणी कुठलं, जेवायला होता का. पंचवीसपैकी चौदा गावठाणातले, अकरा खालच्या वाडीतले. म्हणजे गावठाणात जास्त आजार. मग छेद घातला. गावठाणात सुमारे सहाशे माणसं, वाडीत नव्वद. गावठाणात शंभरामागे दोन-सव्वादोन, वाडीत बारा. तेच पंचवीस पेशंट, पण चित्र उलटं झालं.

पुढचा धडा होता तो आजारी नसलेल्यांना विचारण्याचा. मी आणि आशाताई छत्र्या घेऊन निघालो. वाडीत सगळ्यांत वरच्या अंगाला तीन घरं आहेत. तिथल्या एका आजी ओट्यावर शेंगा सोलत बसल्या होत्या. मी वही काढली तशा म्हणाल्या, "आमास्नी काय बी झालं न्हाई. आमास्नी कशाला इचारताय? त्या खालच्यांस्नी इचारा की." मी विचारलं, पाणी कुठलं पिता? नळ वरपर्यंत चढतच नाही, म्हणाल्या, आम्ही झऱ्यावरनं आणतो. त्या तिन्ही घरांत मिळून चौदा माणसं. तेराव्याला सगळी जेवून आलेली. एकालाही काही झालं नव्हतं.

मी पावसात तशीच उभी राहिले. लंडनच्या १८५४ च्या कॉलऱ्याचा धडा आम्ही दहाच दिवसांपूर्वी वाचला होता. ज्याच्या पाण्यातून कॉलरा पसरला त्या ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाची आणि त्याचा दांडा काढायला लावणाऱ्या जॉन स्नो या डॉक्टरची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते. पण स्नोचा पुरावा भक्कम झाला तो न मेलेल्यांमुळे. पंपाजवळच एक मोठं वर्कहाऊस, म्हणजे निराधार गरिबांना ठेवायची जागा, होतं. आजूबाजूला माणसं पटापट मरत होती आणि तिथल्या ५३५ जणांत मृत्यू फक्त पाच, कारण त्यांची स्वतःची विहीर होती. शेजारच्या बीअरच्या कारखान्यातल्या सत्तरेक कामगारांपैकी एकही दगावला नाही, कारण ते त्या पंपाचं पाणी पीतच नव्हते. माझ्या आजींची तीन घरं म्हणजे ते वर्कहाऊस होतं. शेंगा सोलणाऱ्या त्या बाईनं मला जे सांगितलं ते पंचवीस पेशंटांपैकी कुणीच सांगू शकलं नसतं.

मग बाकीचं सुटत गेलं. जेवायला गेलेल्यांत आणि न गेलेल्यांत आजाराचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. गावठाणातल्या चौदापैकी नऊ शाळेतली मुलं होती, आणि शाळा आहे वाडीच्या तोंडाशी, त्याच नळाच्या लाइनवर. आमच्या आरोग्य सेवकांनी ओटी टेस्ट केली, पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची. टाकीजवळच्या नळाचं पाणी छान पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन आहे. वाडीच्या नळाचं पाणी नळीत तसंच राहिलं, रंगाचा थेंबही नाही. जलसुरक्षकांना घेऊन लाइनीच्या कडेनं चालत गेलो तर व्हॉल्व्हचा खड्डा गटाराच्या पाण्यानं काठोकाठ भरलेला आणि त्यात सांधा गळका. पाणी दिवसातून तासभर सुटतं. बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि गळक्या सांध्यातून बाहेरचं पाणी आत ओढून घेतो. दुसऱ्या दिवशी पहिला हंडा भरणाऱ्या बाईच्या घरी ते जातं. टाकीत कितीही टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाका, या भोकाला त्याचा उपयोग नाही.

सांधा बदलायला दोन दिवस लागले. तोवर घरोघर मेडिक्लोर, म्हणजे पाण्यात टाकायचं क्लोरीनचं औषध, वाटलं आणि पाणी उकळून प्यायला सांगितलं. मी साथ थांबवली असं मात्र मी म्हणणार नाही. सांधा बदलण्याआधीच पेशंट कमी व्हायला लागले होते. पंपाचा दांडा ८ सप्टेंबरला निघाला तेव्हा लंडनची साथही ओसरूच लागली होती. एवढं प्रामाणिकपणे लिहायला हवं, हेही मला याच अभ्यासानं शिकवलं. पुढच्या पावसाळ्यात तो खड्डा बांधून घेतलेला होता आणि कोरडा होता, एवढं मी स्वतः जाऊन बघितलं.

आता तुम्ही म्हणाल, यासाठी पदवी कशाला? चांगला आरोग्य सेवक हे अनुभवानं करतोच. खरं आहे. आमचे आरोग्य सेवक वीस वर्षं पाण्याचे नमुने घेतायत, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये स्रोतांचं सर्वेक्षण करतायत, पाण्याचा धोका बघून ग्रामपंचायतींना हिरवं-पिवळं-लाल कार्ड देतायत. त्यांच्यापुढे मी नवखी आहे. पण मी ओपीडीत वाढलेली. आयुर्वेदाच्या साडेपाच वर्षांत मला समोर बसलेला माणूस बघायला शिकवलं आणि ते फार चांगलं शिकवलं. समोर न बसलेला माणूस कसा बघायचा ते मला वेगळं शिकावंच लागलं.

आणि महाराष्ट्रात त्यासाठी लंडनपर्यंत जायचीही गरज नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी काय केलं, तर गावागावांतले जन्म आणि बालमृत्यू घरोघर जाऊन मोजले. दवाखान्यात न पोचलेली, घरातच जन्मून घरातच गेलेली बाळं. ती मोजली म्हणून पुढचं सुचलं: ३९ गावांतल्या बायकांना शिकवून नवजात बाळाची काळजी घरातच घ्यायची. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा शोधनिबंध आला. तुलनेच्या गावांच्या मानानं नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षापर्यंत सुमारे ६२ टक्क्यांनी घटला होता. आज आमच्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करतात, त्याचं मूळ तिथे आहे. मी हा निबंध रात्री अकरा वाजता मोबाइलवर वाचला आणि सकाळी आशाताईंची वजनाची झोळी बघितली तेव्हा ती मला वेगळी दिसली.

नोकरी करत ऑनलाइन शिकण्याचं खरं मोल मला यात वाटतं. रात्री वाचलेलं सकाळी हाताखाली येतं. वर्गातल्या हुशार, नुकत्या पदवी घेतलेल्या मुलांना सूत्रं माझ्यापेक्षा भराभर यायची, पण त्यांना गाव नव्हतं. ऑनलाइन अभ्यासक्रम तुम्हाला गाव देत नाही, ते तुमचं तुम्हाला आणावं लागतं. शहरातल्या मंडळींनी घाबरू नये. माझ्या गटातला नागपूरचा फार्मासिस्ट डेंग्यूच्या दिवसांत आपल्याच वस्तीत पाण्याचे ड्रम तपासत फिरला. शंभर घरांपैकी किती घरांत अळ्या सापडल्या, याचा त्यानं केलेला तक्ता आमच्या सगळ्यांत सरस होता.

वेळेचं विचारता, तर रोज रात्री साडेनऊ ते अकरा आणि रविवारची सकाळ. उपकेंद्रावर रेंज नसते, म्हणून बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाऊन आठवड्याचे व्हिडिओ उतरवून आणायचे. सासूबाईंनी रविवारचा स्वयंपाक स्वतःकडे घेतला. तो त्यांनी घेतला नसता तर मी हे पूर्ण केलं नसतं. संख्याशास्त्र जड जातं, सगळ्यांनाच जातं. पुस्तकातल्या उदाहरणांवर डोकं फोडण्यापेक्षा आपल्याच रजिस्टरचे आकडे घ्या. मात्र परवानगी घेऊन घ्या, आणि नावांचा रकाना आधी काढून टाका. पेशंटनं नाव आपल्याला औषधासाठी सांगितलेलं असतं, आपल्या असाइनमेंटसाठी नाही. याबाबतीत मी कुणालाही सूट देत नाही.

अडीच वर्षं का लागली ते सांगायचं राहिलं. एका पेपरच्या दिवशी वीज गेली, मोबाइलच्या नेटवर कॅमेरा बंद पडला आणि मला गैरहजर धरलं गेलं. तीन मेल, दोन अर्ज, उत्तर नाही. सहा महिने थांबून तो पेपर पुन्हा दिला, पुन्हा फी भरून. ज्यांच्याकडे वीज आणि रेंज जाते त्यांच्याचसाठी हे ऑनलाइन शिक्षण आहे असं सांगतात, मग परीक्षेच्या नियमांत त्यांचा विचार का नसावा? याचा राग माझ्या मनात अजून आहे.

मान्यतेबद्दल: जाहिरातीवर आणि फोन करणाऱ्या समुपदेशकांवर विश्वास ठेवू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण ब्युरोच्या संकेतस्थळावर विद्यापीठांची आणि अभ्यासक्रमांची यादी असते, ती प्रवेशाच्या वर्षाची बघा. नियम बदलत असतात. २०२५ मध्ये आयोगानं मानसशास्त्र, पोषण यांसारखे काही विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीतून काढून घेतले. ज्या पदासाठी शिकताय त्या पदाच्या भरतीची जुनी जाहिरात काढून पात्रतेची ओळ वाचा. आणि एमपीएच झाल्यानं कुणाला पेशंट तपासायचा परवाना मिळत नाही, हे वैद्यकीय क्षेत्राबाहेरून येणाऱ्यांनी आधीच समजून घ्यावं.

आता ठाकरवाडीकडे येते, जिथली एकही बाई माझ्या रजिस्टरमध्ये नव्हती. गेल्या वर्षी आम्ही तिशीपुढच्या सगळ्यांची यादी हाती घेतली. लोकसंख्येच्या ३७ टक्के माणसं या वयाची धरतात, म्हणजे आमच्याकडे अकराशेच्या आसपास. बीपीच्या गोळ्या नेणारे चौसष्ट. अकराशेत एवढेच असतील हे शक्य नव्हतं. वाडीत गेलो, बायकांना विचारलं, तर कारण दोन मिनिटांत कळलं. त्यांची एसटी दहाला उपकेंद्रापाशी येते आणि अकराला परत फिरते, त्यानंतर थेट संध्याकाळी. माझ्या ओपीडीची रांग साडेअकरापर्यंत हलत नाही. मजुरीचा अख्खा दिवस मोडून कोण येणार?

आता मंगळवारी दहा ते पावणेअकरा फक्त त्या गाडीनं आलेल्यांना तपासते. बाकीचे थांबतात, पहिले काही आठवडे कुरकुरले, आता सवय झालीय. गेल्या मंगळवारी नऊ जणी आल्या होत्या. सहा जणींचं बीपी आयुष्यात पहिल्यांदाच मोजलं गेलं. कंडक्टर दारातून डोकावून म्हणाला, "मॅडम, अजून कुणी ऱ्हायलंय का? पाच मिनिटं थांबवतो गाडी."